एकादशीला वाईनचा नुसता वास घेतला



नोव्हेंबरात इटलीला जाऊन आलो तेव्हाच लिहायचं होतं. पण आल्या आल्या डिपिंग, मग थिनिंग, मग डिसेंबरातली ढगाळ हवा. मोबाईल हातात घेतला की फवारणीची नोंद करायलाच. आता मण्यात पाणी उतरायला लागलंय, रात्री जरा निवांत बसता येतं. बोलोन्याच्या यंत्र प्रदर्शनाचे फोटो आधी टाकलेच आहेत, ब्लोअरचे भाव विचारायला अजून फोन येतात. आज त्याबद्दल नाही, जेवणाबद्दल लिहितो. हसू नका.

आम्ही बावीस जण. सगळे निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे बागायतदार. गोडी छाटणी उरकून बाग पोरांच्या हवाली करून निघालेलो. प्रत्येकाच्या बॅगेत तीन-चार किलो नुसतं खायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लोणचं, ठेचा. एकाने तर विजेवरचा कुकर आणि तांदूळ आणलेला. बोलोन्या म्हणजे इटलीत खाण्यापिण्यासाठी नावाजलेलं शहर, आणि आम्ही तिथं पाचही रात्री पंजाबी हॉटेलात पनीर खाल्लं. लाल ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही, परत लाल. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पोट सांभाळलं पाहिजे, एवढंच डोक्यात.

प्रदर्शन 10 तारखेला संपलं. 11 ला सकाळी बसने निघालो पिएमोन्तेकडे. हा इटलीचा वायव्येकडचा भाग. तिथं अल्बा नावाचं गाव आहे आणि त्याच्या आजूबाजूला लांगे नावाच्या टेकड्या. या टेकड्यांवरच्या द्राक्षबागा 2014 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. आपल्याकडे किल्ला किंवा लेणी त्या यादीत जातात, तिकडे द्राक्षबाग गेली.

अल्बाला पोचलो तेव्हा सव्वातीन वाजलेले. धुकं असं की समोरची बस दिसेना. भूक लागलेली आणि एकाही हॉटेलात जेवण मिळेना. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, त्यानंतर भट्टी बंद, ती संध्याकाळी साडेसातला पेटणार. पैसे देतो म्हटलं तरी नाही. आमच्यातले दोघं तापलेच, "गिऱ्हाईक दारात आलंय आणि हे नाही म्हणतात!" मला मात्र आमचे वडील आठवले. त्यांची बाराची भाकरी म्हणजे बाराची. तीननंतर ते पण जेवत नसत.

आमच्यासोबत दुभाषी म्हणून सांगलीकडची एक पोरगी होती. तिथून जवळ पोलेंझोला अन्नविषयाचं विद्यापीठ आहे, 2004 पासून चालू असलेलं, तिथं ती शिकते. तिने आम्हाला चौकात नेलं. एक माणूस छिद्रं पाडलेल्या मोठ्या कढईत चेस्टनट भाजत होता. कागदाच्या पुडीत गरम गरम. ती म्हणाली, "काका, आज 11 नोव्हेंबर, सान मार्तिनो. आज इथं हेच खायचं असतं. चेस्टनट आणि नवी वाईन." पूर्वी या दिवशी शेतीचं वर्ष संपायचं. वाट्याने शेत करणाऱ्यांचा करार याच दिवशी सुटायचा, आणि नवा मालक मिळाला तर बिऱ्हाड गाडीवर घालून निघायचं. अजूनही घर बदलण्याला तिकडे 'सान मार्तिनो करणं' म्हणतात. म्हटलं, हे तर आपल्या पाडव्यासारखं झालं, सालगड्याचं साल संपतं तसं. पुडी हातात धरून ते ऐकलं आणि मग चेस्टनट खाल्लं तर त्याची चव बदलली म्हणा ना.

त्या पोरीने मग आमच्याशी सौदा केला. इथले तीन दिवस पंजाबी हॉटेल नाही, डबा बाहेर काढायचा नाही, ती मागवेल ते खायचं. शाकाहारी असतील त्यांची सोय ती बघेल. पाच जण तयार झाले नाहीत, ते खोलीवर कुकर लावून बसले. बाकी आम्ही गेलो.

पहिल्या रात्री आमच्यातल्या एकाने रुबाबात सगळ्यात भारी बाटली मागवली, बारोलो. बाटली आली, जेवण यायचं होतं. त्याने ग्लास तोंडाला लावून निम्मा संपवला आणि तोंड असं केलं की बस. म्हणे, "हा तर काढा आहे." मी पण घोटभर घेतली. जीभ आणि हिरड्या कोरड्या ठक्क. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं. रंग पण फिकट विटकरी. एवढ्या पैशात हे?

पोरगी म्हणाली, ठेवा खाली, ताट येऊ द्या.

ताटात आल्या ताजारिन नावाच्या बारीक शेवया. नुसतं पीठ आणि अंड्याचा बलक. एक किलो पिठाला तीस-तीस बलक घालणारे आहेत. वरून लोणी. शाकाहाऱ्यांना पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर डोंगरातलं चीज वितळवून. (या पोलेंट्याची एक गोष्ट. एके काळी उत्तर इटलीतले गरीब वर्षभर नुसतं हेच खायचे, आणि त्यामुळे पेलाग्रा व्हायचा, कातडी फाटायची, डोकं फिरायचं. आज तेच चीज घालून कौतुकाने वाढतात.) दोन घास खाल्ले आणि मग परत घोट घेतला. तुरटपणा जवळजवळ गेलेला. तोंडात लोण्याचा थर होता तो धुतला गेला, आणि पुढचा घास घ्यावासा वाटला.

याचं कारण साधं आहे. वाईनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात अंडं, लोणी, चीज असलं की टॅनिनला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. नेब्बिओलो ही तिथली जात टॅनिनलाही कडक आणि आम्लालाही कडक. नुसती पिऊन तिला नावं ठेवणं म्हणजे नुसता ठेचा चमच्याने खाऊन मराठी जेवण तिखट असतं म्हणणं. ठेचा भाकरीसोबत असतो.

बिलावर प्रत्येक माणशी तीन युरो जास्तीचे दिसले. त्यावर आमची मंडळी भांडायला उठली. तो 'कोपेर्तो', म्हणजे बसण्याचा आणि पावाचा आकार, सगळ्यांनाच लागतो आणि मेनूवर खाली छापलेला असतो. जाणार असाल तर माहीत असू द्या, उगाच शोभा होते.

दुसऱ्या दिवशी 12 तारीख, कार्तिकी एकादशी. माळ मी घातलेली नाही, पण वडील गेल्यापासून दोन्ही मोठ्या एकादश्या धरतो. सकाळी आईला फोन लावला. चेस्टनट एकादशीला चालतं का? आई म्हणाली, "शिंगाडा चालतो तर ते का नाही?" झालं. दिवसभर चेस्टनट, हेझलनट, उकडलेले बटाटे आणि दूध. हेझलनट पण तिथलंच, टेकड्यांच्या थंड बाजूला जिथं द्राक्ष नीट पिकत नाही तिथं त्याच्या बागा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर द्राक्ष. पूर्वी हिवाळ्यात बर्फ आधी कुठं वितळतं ते बघून द्राक्षाची जागा ठरवायचे. माती परीक्षणाच्या आधीचं हे परीक्षण.

त्या दिवशी बार्बारेस्को गाव बघितलं. गाव कसलं, एक रस्ता, एक जुना बुरूज, एक चर्च, आणि चर्चजवळ शेतकऱ्यांची सहकारी वायनरी. हिची कथा ऐकण्यासारखी आहे. 1894 साली अल्बाच्या द्राक्ष-वाईन शाळेचे मुख्याध्यापक डोमिझियो कावाझ्झा यांनी नऊ शेतकऱ्यांना घेऊन इथं पहिली सहकारी वायनरी काढली. तोवर इथली द्राक्षं दुसऱ्याच्या नावाने विकली जायची. पुढे मुसोलिनीच्या काळात ती बंद पडली. मग 1958 साली गावच्या पाद्र्याने, फियोरिनो मारेंगो यांनी, 19 लहान शेतकरी गोळा केले आणि परत सुरू केली. पहिले तीन हंगाम वाईन चर्चच्या तळघरात बनवली. आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उसाचं केलं त्याच जातीचं काम. आज पन्नासेक घरं सभासद आहेत. आणि चांगल्या वर्षी एकेका शिवाराची वाईन वेगळी भरतात, बाटलीवर त्या शिवाराचं नाव. समजा आपल्या बाटलीवर 'माळवाडीचा खडकाळ तुकडा' असं छापून आलं तर!

एका सभासदाने बाग दाखवली. माझ्याच वयाचा, हात पण माझ्यासारखेच. त्यांचा नियम आहे, हेक्टरी आठ टनाच्या वर माल घ्यायचा नाही, म्हणजे एकरी साधारण 32 क्विंटल. त्याच्या आतच राहावं म्हणून तो उन्हाळ्यात चांगले घड कापून जमिनीवर टाकतो. मी म्हटलं आम्ही एकरी शंभर-सव्वाशे क्विंटल काढतो. त्याने पोरीला दोनदा विचारलं, शून्य जास्त तर नाही ना पडलं. मी समजावलं की आमचं खायचं द्राक्ष, बिनबियांचं, पातळ सालीचं, पाणी आणि जीए देऊन फुगवलेलं. त्याचं बारीक मण्याचं, पातळ पण चिवट सालीचं, बियांचं. आपण जे काढून टाकायला तीन पिढ्या घालवल्या, साल आणि बी, त्यातच त्याचं टॅनिन. वेली झोपेला लागलेल्या, पानं पिवळी-लाल. वर्षातून एकदाच हिवाळ्यात छाटणी. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या सांगितल्या तर म्हणाला, "मग तुमची वेल झोपते कधी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धुकं उतरलेलंच होतं. तिकडे धुक्याला नेब्बिया म्हणतात, जातीचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मला मात्र धुकं बघितलं की डाऊनी दिसतो. मी पोराला फोन लावला, इकडे निरभ्र आहे म्हणाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तो इटलीवाला हसला. डाऊनीचं नाव न सांगताच त्याला कळलं.

मग तळघरात वाईन चाखायला. मी सांगितलं, आज माझा उपास आहे. वाटलं नाराज होईल. उलट त्याने मान डोलावली, त्याची आजी पण शुक्रवारी मटण खात नसे. म्हणाला, मग नुसता वास घ्या, अर्धी वाईन तशीही नाकातच असते. ग्लास हातात घेतला. बाकीचे पीत होते, मी दहा-पंधरा मिनिटं नुसता हुंगत उभा. सुरुवातीला काहीच नाही, नुसती वाईन. मग हळूहळू वाळलेला गुलाब. मग वाळका पाला, पाऊस पडून गेल्यावर येतो तसा. आणि सगळ्यात शेवटी नव्या रस्त्यावरच्या डांबराचा वास. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, लाजत सांगितलं. तर तो म्हणाला, गुलाब आणि डांबर हेच नेब्बिओलोचं ओळखचिन्ह. उपास नसता तर मी घटाघटा पिऊन मोकळा झालो असतो.

मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही कधी वाईनचं द्राक्ष लावलं होतं का?"

लावलं होतं. 2006 साली दोन एकर शिराज. तेव्हा आपल्या भागात त्याची हवाच होती, एका कंपनीने करार केलेला. वडिलांचा विरोध. ते म्हणाले होते, "ज्याची चव आपल्या घरात कोणी घेणार नाही ते पीक लावतो कशाला? ते चांगलं आलं की वाईट आलं, तुला कोण सांगणार?" मी ऐकलं नाही. तीन पिकं घेतली. मग कंपनी म्हणाली टाक्या भरल्यात, आधीचे पैसे पण अडकले, आणि 2010 मध्ये मी ती बाग उपटून थॉमसन लावली. त्या काळात माझ्यासारखी बाग काढलेले या भागात बरेच आहेत, वाचत असतील.

हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "आणि तुमच्या शिराजची वाईन कशी होती?"

मी म्हटलं, मी कधी प्यायलोच नाही. माझ्या द्राक्षाची बाटली मी बघितली पण नाही.

पोरीने सांगितलं. त्याला वाटलं भाषांतर चुकलं. त्याने परत विचारलं. तिने परत सांगितलं. मग तो गप्प बसला आणि मीही. त्याच्या घरी रोज जेवताना त्याच्याच बागेतली साधी दोल्चेत्तो किंवा बार्बेरा असते, लहान ग्लासभर. भारी वाईन रविवारी. यंदा आम्ल कमी पडलं, यंदा बी नीट पिकली नव्हती, हे त्याला प्रयोगशाळेच्या आधी ताटावर कळतं. खरेदीदार जेव्हा म्हणतो माल हलका आहे, तेव्हा हलका म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. मला माझ्या कंपनीने ब्रिक्स कमी आहे म्हणून दर पाडला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो.

निघताना त्याने 1986 ची गोष्ट सांगितली. याच भागातल्या काही जणांनी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळलं, वीसहून जास्त माणसं मेली, काही आंधळी झाली. केलं मूठभरांनी, पण साऱ्या इटलीची वाईन परदेशात अडली. त्यानंतर कमी माल, चांगला माल याकडे हे लोक जोराने वळले. मी त्याला आपलं 2010 सांगितलं, सीसीसीच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले ते. हे त्याला भाषांतर पुरं व्हायच्या आधीच समजलं. त्याच्या बाटलीच्या गळ्यावर सरकारी नंबराची पट्टी, आपल्या पेटीवर ग्रेपनेटचा नंबर. फरक एवढाच की त्याच्या बाटलीवर नंबराखेरीज गावाचं नावही असतं.

एक सांगून ठेवतो, मी दारूचं गुणगान करत नाहीये. दारूने गेलेली आमच्या गावातली घरं मी बोटावर मोजून सांगतो. तिथं मला तीन दिवसांत जेवणाशिवाय वाईन पिणारा शेतकरी दिसला नाही, आणि एकाही टेबलावर कोणी ग्लास रिकामा करायची घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याच्या घरी जेवण. बान्या काउदा. मातीच्या भांड्यात ऑलिव्ह तेल, भरपूर लसूण आणि खारवलेले अँचोव्ही मासे मंद आचेवर विरघळेपर्यंत शिजवतात. खाली मेणबत्ती किंवा निखारा, तेल थंड होऊ द्यायचं नाही. सभोवती सगळ्यांनी बसायचं आणि कच्च्या-उकडलेल्या भाज्या त्यात बुडवून खायच्या. ढोबळी मिरची, कोबी, सलगम, आणि कार्दो नावाची एक भाजी, तिची रोपं वाकवून मातीत पुरतात म्हणजे दांडे पांढरे आणि कोवळे राहतात. मी विचारलं, इथं ना समुद्र ना ऑलिव्हची झाडं, मग हे शेतकऱ्याचं जेवण कसं? तर डोंगरापलीकडे लिगुरियाचा किनारा आहे. तिथून मिठाच्या वाटेने खारे मासे आणि तेल यायचं. खारा मासा टिकायचा, स्वस्त पडायचा. द्राक्षतोडणी संपली की हे जेवण. सोबत बार्बेरा, तिच्यातला आंबटपणा तेल कापतो. शाकाहाऱ्यांसाठी बिनमाशाचं केलं, घरच्या बाईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण केलं. मी मासा खाल्ला. कुकरवाल्या पाच जणांपैकी तिघं त्या दिवशी आले आणि सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्लं.

ठेचा आम्ही शेवटी बाहेर काढलाच. पण त्यांना द्यायला. म्हातारबाबांनी भाजीला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि विचारलं हा कशासोबत खातात. भाकरी म्हणजे काय ते ज्वारीपासून समजवावं लागलं.

घरी आलो. आपल्या नाशिक व्हॅली वाईनला पण जीआय मिळालेला आहे. मी जिल्ह्यातल्याच एका वायनरीची शिराजची बाटली आणली, आयुष्यात पहिल्यांदा. मटणाच्या काळ्या रश्श्यासोबत घोट-घोट घेऊन बघितली. रश्श्याच्या तिखटापुढे ती टिकली नाही, नुसतीच कडवट लागली. मग दुसऱ्या दिवशी बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याच्या भरीतासोबत घेतली, तर बरी लागली. अजून बघतोय. आणि यंदा थॉमसनचे दहा घड पेटीत न भरता वेलीवरच मार्चपर्यंत ठेवणार आहे, ब्रिक्स मीटर बाजूला ठेवून घरच्यांना खायला देणार.

आईला बान्या काउदा सांगितलं. लसूण, तेल, निखारा, एकच भांडं, सभोवती माणसं, आणि हंगाम गेला की नाही. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "म्हणजे हुरड्याला बसल्यासारखं." मग थोड्या वेळाने, "पाहुण्यांनी हुरडा हॉटेलात मागितला तर कुठून मिळणार?"